गोधडीच्या धाग्यानं कापलेलं अंडं

अनघाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली, आणि पुढे झोपेतच, त्रास नाही झाला, डॉक्टर येऊन गेले... असं काहीतरी बोलत राहिली. त्या क्षणी माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते सांगून टाकते, कारण कुसुमताईवर लिहायचं आणि तेवढं वगळायचं, तर हा लेख कुणा दुसऱ्याच बहिणींवर लिहिल्यासारखा होईल. मनात आलं, झालं, इथंही पहिला नंबर हिचाच. रडू नंतर आलं, मुलुंडहून बोरिवलीला जाताना, टॅक्सीत, आणि तेही बिचाऱ्या टॅक्सीवाल्यानं रेडिओचा आवाज कमी करू का म्हणून विचारलं तेव्हा.

तिच्या घरी पोचले तर खालच्या जिन्यापासून बायकाच बायका. सगळ्या तिच्या विद्यार्थिनी. ताईनं उभा जन्म बोरिवलीच्या शाळेत मुलींना शरीरशास्त्र शिकवलं, त्यातल्या काही आता स्वतः आज्या झाल्या आहेत. प्रत्येकीकडे ताईची एकेक गोष्ट होती आणि का कोण जाणे, सगळ्या खाण्याच्याच. बाई आमच्या डब्यातलं खायच्या. बाई त्यांची पोळी मोडून अर्धी आम्हाला द्यायच्या. एकीनं तर सांगितलं, तिला कडक डोहाळे लागले होते तेव्हा बाईंनी आपल्या ताटातला वरणभात कालवून तिला भरवला. मी ताईच्या पायाशी बसून हे ऐकत होते. मी तिची सख्खी बहीण. आणि मी बारा वर्षांची असल्यापासून तिनं मला आपल्या ताटातला एक घास दिला नव्हता, की कपातला एक घोट. नवऱ्याच्या कपातला चहा ती प्यायची, अनघाचं उष्टं खायची, मुलींच्या डब्यात हात घालायची, आणि मी जवळ बसले की स्वतःचा कप उचलून पलीकडे ठेवायची. जे त्या परक्या बायकांना भरभरून मिळालं ते मला का नाही, हा प्रश्न मी आयुष्यभर जपला. त्यांचा हेवा वाटत होता, आणि समोर ती शांत पडून होती.

आम्ही पार्ल्याच्या. पूर्वेला, स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, तळमजल्याच्या दोन खोल्या आणि पुढे लाकडी जाळीची गॅलरी. वारा फिरला की बिस्किटांच्या भट्टीचा गोड वास घरभर यायचा. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मॅट्रिकला, वर्गात पहिली, आणि गोरी. मी सावळी, आणि वर्गात कितवी ते कुणी विचारत नसे. त्या वर्षी तिला बारीक खोकला लागला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, आणि एक दिवस रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. आमच्या घरात रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. "छातीचं आहे," एवढंच आई म्हणायची, तेही दार लावून. ताईची खाट गॅलरीत गेली. तिचं ताट, वाटी, कप वेगळा झाला आणि स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यामधल्या गजांच्या खिडकीपलीकडे जायला मला बंदी झाली.

आता तुम्ही म्हणाल, अशा बहिणीचा हेवा कसला करायचा. कसला म्हणजे काय? गॅलरी ही घरातली एकुलती एक वाऱ्याची जागा. आईनं तिला आजीच्या लुगड्यांची गोधडी दिली, जी मी मागून मागून थकले होते. तिला सायीचं दूध, लोणी, संत्री, आणि मला "तू धडधाकट आहेस ना गं, लीले". आजारी पडावं म्हणून मी काखेत कांदा धरून झोपून पाहिलं, शाळेत एका मुलीनं खात्रीचा उपाय म्हणून सांगितला होता. ताप काही आला नाही, वास मात्र आला, आणि आईनं मला डोक्यावरून अंघोळ घातली.

पण खरा हेवा अंड्याचा. आमचे डॉक्टर गोडबोले स्वतःच्या घरी कांदा-लसूणही न खाणारे, पण त्यांनी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, स्पष्ट सांगितलं की मुलीला रोज अंडं द्या, तिचं शरीर आतून स्वतःचंच मांस जाळतंय. आई म्हणाली, माझ्या चुलीवर नाही. तेव्हा ज्या अण्णांनी जन्मात स्वतःचा पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, ते सकाळी उठून मागच्या दारी, मोरीपाशी, जुन्या वातीच्या स्टोव्हवर एक डबा ठेवून अंडं उकडायला बसू लागले. धोतर वर खोचलेलं, जानवं कानाला. अंडं शिजलं की ते गार पाण्यात घालून दोन्ही हातांनी सोलायचे, कवचाखालची पातळ साल नखानं अशी हळू काढायचे की वाटावं, ताईच्या अंगालाच हात लागतोय. मग ते तिच्या ताटलीत ठेवायचं, कवचं वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसच्या पिशवीत टाकायची, शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून स्टेशनच्या वाटेवर कुठंतरी फेकायची, आणि निघण्याआधी पुन्हा अंघोळ. मला अंडं आवडेल की नाही याची मला कल्पना नव्हती. मला अण्णांनी सोललेलं काहीतरी हवं होतं.

म्हणून मी रोज त्या खिडकीशी उभी राहायचे आणि ती खाताना बघायचे. आई ओरडायची, "लीले, कुणाच्या घासाकडे असं बघत उभं राहू नये. लागतं खाणाऱ्याला." संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन ती ताईची दृष्ट काढायची आणि ती दृष्ट कुणाची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा अशीच उभी होते. आई मागे धुणं धूत होती, अण्णा ऑफिसला गेलेले. ताईनं मला बोटानं जवळ बोलावलं. गोधडीच्या काठाचा एक धागा तिनं ओढून काढला, अंड्याभोवती गुंडाळला, आणि दोन्ही टोकं खेचली. अंड्याचे दोन भाग झाले, सुरीनंही होणार नाहीत इतके स्वच्छ. एक अर्धा तिनं गजांतून माझ्या हातावर ठेवला. "घे. तोंड पुसून आत जा." त्यात बलक जास्त होता. मला वाटलं, तिला बलक आवडत नसेल.

मग ते रोजचंच झालं. रोज एक धागा, रोज एक अर्धा. गोधडीचा एक काठ उसवत चालला तशी आई चिडू लागली. "झोपल्या झोपल्या उसवतेस काय गं ती? आजीची आहे." ताई हसायची. तिचं वजन वाढेना म्हणून डॉक्टर कोड्यात पडले, तेव्हाही ती हसली.

डॉक्टर एक दिवसाआड यायचे, इंजेक्शन द्यायचे. शिवाय अधूनमधून अण्णा तिला मोठ्या दवाखान्यात नेत. तिथं बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत. ताई प्रश्न विचारून डॉक्टरांना भंडावून सोडायची. हवा कशाला? तर म्हणे फुप्फुसाभोवती हवा भरली की ते मिटतं, त्याची हालचाल थांबते, आणि मोडलेला पाय फळीला बांधल्यावर जुळून येतो तसं त्यातलं भोक बुजतं. खोकला का येतो? छाती आतली घाण झाडून बाहेर काढते म्हणून. मग ताप? "ताप जंतू घेऊन येत नाही गं पोरी, तुझं शरीरच तो पेटवतं. जंतूला उष्णता सोसत नाही." मग संध्याकाळीच का? "शरीराची शेगडी संध्याकाळी तशीही जरा जास्त असते. त्यात ही भर." कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ते निळ्या पेन्सिलीनं फुप्फुसं काढून दाखवायचे आणि मी खिडकीआडून मान लांब करून बघायचे. मला तर तिच्या फुप्फुसांचाही हेवा वाटला. माझीही दोन होतीच की, पण त्यांचं चित्र काढायला कुणी येत नव्हतं.

अशात शाळेत क्षयाची लस टोचणारी मंडळी आली. आधी हातावर कातडीत बारीक सुई टोचून काहीतरी सोडत आणि तीन दिवसांनी परत येऊन तो हात तपासत. ज्यांचा हात साफ त्यांना लस, ज्यांचा सुजला त्यांना नको. माझ्या वर्गात काही हात साफ होते, काही थोडे लाल. माझ्या हातावर आवळ्याएवढी टणक गाठ आली होती, लालबुंद, वर फोडासारखी चकाकी. तपासणाऱ्या बाईंनी दुसऱ्या बाईंना बोलावून ती दाखवली. शाळेत माझं काही कुणी कुणाला बोलावून दाखवण्याची ती पहिलीच वेळ. मी घरी अक्षरशः पळत गेले, दप्तरासकट गजांपाशी, बाही वर करून. "ताई, बघ. सगळ्यांत मोठी माझी." अंड्याचा अर्धा तिनं पानावर तयार ठेवला होता. तिनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो अर्धा परत घेतला. मग खिडकीचं दार ओढून घेतलं. ते दार कधी लावत नसत, म्हणून त्याच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, आणि त्या दोन-तीनदा करकरल्या.

आईनं गाठ पाहून देवासमोर बसकण मारली. डॉक्टर आले, माझी छाती ठोकून पाहिली, फोटो काढायला पाठवलं, आणि फोटो बघून हसत हसत आले. त्यात तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका होता, बाकी सगळं साफ. "हिला रोग नाही," ते आईला म्हणाले. "रोग येऊन गेला. कदाचित थोरलीच्याही आधी, शाळेत, बाजारात, कुणाच्या खोकल्यातून. मुंबईत वाढलेल्या पुष्कळांना येऊन जातो. हिच्या शरीरानं त्याला ओळखलं, गाठलं, आणि कुंभारमाशी मातीनं घर लिंपते ना, तसं चारी बाजूंनी लिंपून टाकलं. आता हातावर त्या जंतूचा नुसता वास दिला तरी शरीर धावून येतं. ही सूज म्हणजे ती आठवण." मग माझ्या डोक्यावर टपली मारली. "शहाणं शरीर आहे हो तुमच्या धाकटीचं."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं चघळलं. पण तेव्हाही माझा जळफळाटच झाला. म्हणजे बघा, जंतू तोच. तिच्या छातीत शिरला तर तिला गॅलरी, गोधडी, संत्री आणि अण्णांच्या हातचं अंडं. माझ्या छातीत शिरला तर माझ्या शरीरानं त्याला गुपचूप गाडून टाकलं, घरच्यांना चहासुद्धा करावा लागला नाही. जिंकणारीला काहीच नाही, असा न्याय. त्या रागात डॉक्टरांचं पुढचं बोलणं मी कानाआड केलं. खिडकीच्या बंद दारामागून ताईनं विचारलं होतं, "लिंपल्यावर आतला मरतो का, डॉक्टर?" आणि पिशवी आवरता आवरता ते म्हणाले होते, "बहुतेक मरतो. कधी कधी झोपून राहतो. माणूस खंगलं तर भिंत ढासळते, मग उठतो." एवढं बोलून ते गेले. माझ्या लेखी ते एक फालतू वाक्य होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंडं बंद. खिडकीही बंद. मी दारावर टकटक केली तर आतून, "जा गं, मला झोपू दे." मी समजायचं ते समजले. अण्णांनी माझ्यासाठी एक अंडं जास्त उकडायला सुरुवात केली होती, कारण डॉक्टरांनी मलाही द्यायला सांगितलं, आणि हिला ते खपलं नाही. आजारावर आपला एकटीचा हक्क असल्यासारखं वागतेय. गंमत म्हणजे अण्णांनी सोललेलं अख्खं अंडं अखेर माझ्या ताटलीत आलं तेव्हा ते मला मुळीच आवडलं नाही. मी ते मांजराला घातलं.

पुढे समुद्राच्या हवेसाठी तिला मनोरीला ठेवलं, अण्णांच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या बंगलीत. आई तिच्यासोबत, मी पार्ल्यात आत्याच्या ताब्यात. एका रविवारी अण्णा मला घेऊन गेले. मार्व्यावरून होडीत बसलो, पलीकडे वाळत घातलेल्या मासळीचा वास, आणि माडांतून चालत गेलं की ती बंगली. ताई ओसरीवर उन्हात बसली होती, गाल भरलेले, मांडीवर तीच गोधडी. मी धावत सुटले. तिनं लांबूनच हात आडवा केला. "तिथंच थांब. तिकडे नको, वाऱ्याच्या या बाजूला उभी राहा." मी थांबले. आईनं तिला अंडं आणून दिलं आणि तिनं ते माझ्यादेखत खाल्लं. सगळं, एकटीनं, धागा न काढता. मी बघत राहिले आणि त्या दिवशी, का कुणास ठाऊक, आईही काही ओरडली नाही. परतताना होडीत अण्णा म्हणाले, "बरी झाली हो पोर." मी त्यांच्याकडे पाठ करून पाण्यात हात बुडवला.

ती खरंच बरी झाली. बी.एस्सी. झाली, शिक्षिका झाली, तिचं सगळं ठाऊक असलेल्या एका भल्या माणसाशी तिचं लग्न झालं, तेही माझ्याआधी. तिच्याकडे गेलं की माझ्यासाठी वेगळा कप यायचा आणि तिचा पलीकडे जायचा. मला जरा सर्दी झाली की ती येऊन ठेपायची आणि बाईपणा सुरू, "संध्याकाळी अंग गरम होतं का? रात्री घाम? वजन बघितलंस?" थंडी पडली की अनघाबरोबर अंडी पाठवायची. मी तो टोमणा समजायचे. लहानपणी हावरटासारखी खिडकीत उभी राहायचीस ना, घे आता, पोटभर खा... असा.

शेवटची भेट तिच्या जाण्याच्या थोडेच दिवस आधीची. ती पलंगावर बसली होती, पाय सुजलेले. त्याही अवस्थेत मला शिकवायला निघाली. घोट्यावर बोट दाबलं, खळगा पडला. "बघ. पंप थकला की पाणी खाली साठतं. सोपं आहे." अनघानं चहा आणला, ताईनं सवयीनं आपला कप उचलून पलीकडे ठेवला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तोंडून गेलं, "तुझ्या कपाला मी विटाळ करते का गं? साऱ्या बोरिवलीला भरवतेस. मीच काय तुझं घोडं मारलंय?"

ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत नाही?" म्हणाली. "त्या मुलींना मी काही दिलं नव्हतं, लीले. तुला दिलं होतं."

"काय?"

"तुझ्या हातावर ती गाठ होती ना, ती माझ्या अर्ध्या अंड्याची. तू खिडकीत उभी राहायचीस, मला घास उतरायचा नाही, म्हणून द्यायचे. आणि त्यातून मी तुला हे दिलं. आत झोपलंय ते. डॉक्टर म्हणाले होते, भिंत ढासळली तर उठतं."

"अगं, डॉक्टर असंही म्हणाले होते की तुझ्याआधीच आलं असेल. आणि अंड्यातून कुठं येतं? श्वासातून येतं. तू शरीरशास्त्राची बाई आहेस."

"दरवर्षी शिकवायचे की मुलींना. श्वासातून येतं, ताटातून नाही. बरं झालेल्या माणसाकडून तर मुळीच नाही. सगळं ठाऊक आहे." तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "पण तुझ्या बाबतीत हात पुढे होत नाही गं."

मी तिचा कप ओढला आणि त्यातला चहा प्यायला तोंडाशी नेला, तर त्या सुजलेल्या पायांची बाई इतक्या चपळाईनं पुढे झाली की अर्धा चहा चादरीवर सांडला. "नको म्हटलं ना." मग आम्ही दोघी हसलो, म्हणजे ती हसली आणि मी हसल्यासारखं केलं. जाताना दारात तिनं विचारलंच, "संध्याकाळचा ताप नाही ना येत?"

परवा अनघानं ती गोधडी मला आणून दिली. आमच्या आईनं हयातीत ती किती वेळा सोड्यात उकळली असेल, रंग सगळे विटलेत. एक काठ उसवलेला तसाच आहे. ताईला शिवणकाम उत्तम यायचं, पण तेवढा काठ तिनं कधी शिवला नाही. आज सकाळी मी एक अंडं उकडलं. आमच्या घरात आता कुणाला विटाळ नाही, गॅसवरच उकडलं. सोललं, अण्णांसारखी पातळ साल काढायला मला काही जमलं नाही. गोधडीचा धागा ओढला, जुना झालाय, पहिला तुटला, दुसऱ्यानं काम केलं. तिच्याइतके स्वच्छ भाग झाले नाहीत. एका अर्ध्यात बलक जास्त आला. लहान अर्धा मी खाल्ला आणि मोठा बशीत पलीकडे सरकवला. मग त्याच्याकडे बघत बसले. कुणाच्या घासाकडे असं बघू नये, लागतं खाणाऱ्याला, आई म्हणायची... पण समोर खाणारं कुणी नव्हतं, म्हणून मला हवं तेवढा वेळ बघता आलं.